वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया आणि नाकाखालचा एक टाका : चौदा महिन्यांनंतरचा अभिप्राय

माझ्या मुलीच्या वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया होऊन या महिन्यात चौदा महिने झाले. ती पुण्यातील एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात झाली. रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही मांडायच्या आहेत आणि त्या एकाच संस्थेपुरत्या आहेत असे मला वाटत नाही. ज्यांच्या मुलामुलींना अशी शस्त्रक्रिया सुचवली आहे, त्या घरांसाठी हे लिहिते आहे. हाड किती मिलिमीटर सरकवणार हे प्रत्येक डॉक्टर सांगतात, पण त्या हाडावर बसलेले नाक आणि ओठ त्यानंतर कसे दिसतील, हे आपण विचारल्याशिवाय फारसे कोणी सांगत नाही, असा आमचा अनुभव आहे.

मुलगी तेव्हा तेवीस वर्षांची होती. तिचे खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या पुढे यायचे. वरचा जबडाच मुळात लहान आणि मागे राहिलेला होता, त्यामुळे नाकाच्या दोन्ही बाजूंचा भाग सपाट दिसायचा आणि वरचा ओठ आत ओढल्यासारखा वाटायचा. पेरू तिला पुढच्या दातांनी कधीच चावता आला नाही, लहानपणापासून ती बाजूच्या दाढेने तुकडा तोडायची. सोळा महिने दातांना तारा लावल्या होत्या. या काळात दात आपापल्या जबड्यावर सरळ उभे राहतात, त्यामुळे वरच्या-खालच्या जबड्यांतले खरे अंतर उघडे पडते आणि चेहरा पहिल्यापेक्षा वाईट दिसू लागतो. हे आम्हाला आधी सांगितले होते म्हणून बरे झाले, नाहीतर त्या महिन्यांत मुलीने तारा काढून टाका असाच हट्ट धरला असता.

आम्ही प्रथम एका खाजगी दवाखान्यात गेलो होतो. तिथे संगणकावर तिचा एका बाजूने काढलेला फोटो दाखवला, माऊस फिरवला आणि ओठ पुढे आला. चित्र सुंदर होते. माझ्या सासूबाई बरोबर होत्या, त्यांनी विचारले, "आणि नाकाचं काय होईल हो?" उत्तर आले, "नाकाला काही होत नाही, आजी. आपण नाकाला हातच लावत नाही." हे उत्तर चुकीचे होते, आणि ते इतक्या खात्रीने दिले गेले याचा मला आजही राग येतो.

ज्या रुग्णालयात शेवटी शस्त्रक्रिया झाली, तिथल्या सर्जननी पहिल्याच भेटीत मुलीला समोर बघायला सांगितले, ड्रॉवरमधून स्टीलचा कॅलिपर, म्हणजे रुंदी मोजायचे साधन, काढला आणि तिच्या दोन्ही नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडांवर तो अलगद टेकवला. "तेहेतीस," ते म्हणाले, आणि शेजारच्या विद्यार्थिनीने आकडा मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून घेतला. मग नाकाच्या बुडापासून ओठाच्या लाल कडेपर्यंतचे अंतर मोजले, ओठ सैल सोडल्यावर वरचे दात किती दिसतात ते मोजले, हसायला लावून पुन्हा मोजले. तिच्या डाव्या नाकपुडीतल्या चमकीकडे बघून त्यांनी विचारले, "नथ घालतेस का गं?" ती म्हणाली, "सणावाराला." "मग तुझ्या नाकाबद्दल आपल्याला नीट बोलावं लागेल," असे म्हणून त्यांनी खुर्ची आमच्याकडे ओढली. पुढचा अर्धा तास त्यांनी जे समजावले, त्यावरूनच आम्ही ही जागा निवडली.

या शस्त्रक्रियेला ल फोर्ट-एक म्हणतात. रेने ल फोर्ट या फ्रेंच सर्जनने १९०१ साली मृतदेहांच्या कवट्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर तुटतात ते नोंदवले होते. त्यातली सर्वांत खालची, दातांच्या मुळांच्या वरून आडवी जाणारी रेषा आज सर्जन हिशोबाने, करवतीने कापतात. जबडा पूर्ण सुटा करून हवा तिथे बसवण्याची पद्धत १९६० च्या दशकात सर्जन ह्यूगो ओब्वेगेसर यांनी रुळवली. सुटा झालेला जबडा जिवंत कसा राहतो, ही शंका माझ्या मनातही आली होती. टाळूच्या आणि मागच्या बाजूच्या मांसातून त्याला रक्त मिळत राहते, हे सर्जन विल्यम बेल यांच्या माकडांवरील अभ्यासातून स्पष्ट झाले, आणि तेव्हापासून ही शस्त्रक्रिया जगभर विश्वासाने होऊ लागली. चेहऱ्यावर बाहेरून कुठेही छेद नसतो. सगळे काम ओठ वर उचलून, हिरडीच्या वरच्या खोबणीत एका बाजूच्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या दाढेपर्यंत घेतलेल्या छेदातून होते.

नाकाचा प्रश्न या छेदातूनच सुरू होतो. हाड दिसावे म्हणून त्यावरचे आवरण खरवडून वर उचलावे लागते, आणि त्या आवरणाबरोबर नाकपुड्यांना आणि वरच्या ओठाला धरून ठेवणारे छोटे स्नायू हाडापासून सुटतात. एकदा सुटले की ते बाहेरच्या बाजूला ओढले जातात. शिवाय खालचे हाड पुढे येऊन नाकाच्या बुडाला ढकलते. अशा दोन्ही कारणांनी नाकपुड्या पसरतात आणि नाकाचा शेंडा किंचित वर वळतो. ओठाचे तसेच होते. छेद साधा, कडेला कड लावून शिवला तर ओठ आखडतो, त्याची लाल कड आत वळते, ओठ पातळ दिसतो आणि तोंडाचे कोपरे खाली झुकल्यासारखे वाटतात. म्हणजे चेहऱ्याला भराव यावा म्हणून हाड पुढे आणायचे आणि त्यातला बराचसा फायदा शेवटच्या शिवणीत घालवायचा, असे होऊ शकते. मला या संपूर्ण विषयात सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे. आम्ही जेवढे प्रश्न विचारले होते ते करवतीबद्दल, हाड पक्के धरणाऱ्या धातूच्या प्लेट्सबद्दल, रक्तस्रावाबद्दल होते, टाक्यांबद्दल एकही नव्हता.

यावरचा उपाय १९८२ मध्ये कॉलिन्स आणि एपकर या सर्जननी मांडला, त्याला सिंच टाका म्हणतात. जबडा नव्या जागी प्लेट्सनी पक्का झाल्यावर, छेद बंद करण्याआधी, सर्जन आतल्या बाजूने एका नाकपुडीच्या बुडाचे स्नायू-मांस सुईत घेतात, मग दुसऱ्या बाजूचे घेतात आणि थैलीची नाडी ओढावी तसे दोन्ही बाजूंना मध्याकडे ओढून गाठ मारतात. काही सर्जन हा धागा नाकाच्या बुडाशी असलेल्या हाडाच्या छोट्या काट्याला छिद्र पाडून त्यात अडकवतात, म्हणजे गाठ मध्यरेषेवर राहते आणि नाक एका बाजूला ओढले जात नाही. गाठ किती आवळायची हा अनुभवाचा भाग आहे. कमी आवळली तर उपयोग नाही. जास्त आवळली तर नाकपुड्या गोलसर होतात आणि ओठाच्या वरचा भाग ताठरतो. शिवाय पुढच्या महिन्यांत गाठ थोडी सैल पडते, म्हणून आमच्या डॉक्टरांनी मूळ मापापेक्षा थोडे कमी माप धरले होते. त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली आणि ती मला फार प्रामाणिक वाटली : हा टाका रुंदी वाढणे कमी करतो, ते पूर्ण थांबवेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

ओठासाठी दुसरी युक्ती असते, तिला व्ही-वाय म्हणतात. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची जखम वाय अक्षराच्या आकारात शिवायची, म्हणजे मधला सुमारे एक सेंटिमीटर भाग उभा शिवला जातो आणि ओठाच्या मधोमध मांस गोळा होऊन लाल कड बाहेर राहते. मुलीच्या बाबतीत हे केले. पहिले पाच-सहा आठवडे ओठाचा मधला भाग चोचीसारखा वर आलेला होता आणि ती आरशासमोर रडली होती. तसे होणार हे सांगितलेले असूनही ती रडली. नंतर तो भाग हळूहळू बसत गेला. ज्यांचा ओठ मुळातच भरीव आहे त्यांना ही युक्ती लागतेच असे नाही, ती सगळ्यांना सरसकट करत असतील तर का करता, असे विचारावे.

हाड पाच मिलिमीटर पुढे आले म्हणून ओठ पाच मिलिमीटर पुढे येत नाही. साधारण निम्म्यापासून पाऊणपटीपर्यंत येतो, आणि तो हिशोब शिवण्याच्या पद्धतीवर आणि ओठाच्या जाडीवर अवलंबून असतो. पातळ ओठ हाडाच्या मागोमाग जातो, जाड ओठ बरीचशी हालचाल स्वतःत जिरवतो. मुलीचा ओठ वर्षानंतरच्या बाजूच्या एक्स-रेवर साडेतीन मिलिमीटर पुढे आलेला दिसला. संगणकाच्या चित्रात तो हाडाएवढाच पुढे आलेला दाखवला होता.

जबडा कोणत्या दिशेला न्यायचा आहे यावर पुढचे सगळे बदलते. तपासणीच्या रांगेत आम्हाला सांगलीचा एक मुलगा भेटायचा, हसला की त्याच्या हिरड्याच पुष्कळ दिसत. त्याचा जबडा वर उचलायचा होता. वर उचलताना नाकाच्या आतला मधला पडदा खालून तेवढाच कापून कमी करावा लागतो, नाहीतर तो वाकतो आणि नाक तिरके होऊ शकते, श्वासालाही अडचण येऊ शकते. नाकपुड्या पसरण्याची शक्यता यातही असतेच. आपल्याकडे पुढे आलेले दात आणि ओठ मागे नेण्यासाठी वरच्या जबड्याचा फक्त पुढचा भाग मागे सरकवण्याची शस्त्रक्रियाही होते, त्यासाठी दोन्ही बाजूंची एकेक उपदाढ (सुळ्यामागची लहान दाढ) काढतात. त्यात ओठ मागे जातो, नाक आणि ओठ यांमधला कोन उघडतो, आणि ज्यांचे नाक आधीच लांब आहे त्यांचे ते अधिक लांब वाटू शकते. दुभंगलेल्या ओठाची लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्यांचा प्रश्न वेगळाच आहे. जुन्या व्रणामुळे ओठ घट्ट असतो आणि हाड पुढे यायला विरोध करतो. अशा काही रुग्णांत जबडा एकदम न सरकवता उपकरण लावून दिवसाला सुमारे एक मिलिमीटर असा ताणत नेतात.

आता शस्त्रक्रियेच्या दिवसाबद्दल. भूल देताना श्वासाची नळी नाकातून घातली जाते, कारण दात एकमेकांवर बसतात की नाही हे तोंड मोकळे असल्याशिवाय तपासता येत नाही. पण नळी नाकात असेपर्यंत नाकपुडी ताणलेली राहते, आणि ताणलेल्या नाकपुडीवर सिंच टाक्याचे माप कसे घेणार? काही ठिकाणी त्या टप्प्यावर भूलतज्ज्ञ नळी नाकातून काढून तोंडातून घालतात. आमच्याकडे तसे केले, आणि डॉक्टरांनी निर्जंतुक केलेल्या कॅलिपरने पुन्हा मोजून मगच गाठ मारली. शस्त्रक्रिया पावणेचार तास चालली. बाहेर येऊन डॉक्टरांनी आम्हाला सांगितले, "हाडाचं काम छान झालं. नाकाचं माप बत्तीस ठेवलंय." रात्रभर मी तो आकडा मनात घोळवत बसले होते.

सूज तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त होती, डोळ्यांखालपर्यंत चढली होती. सहा आठवड्यांत ती बरीच उतरली, पण नाकाच्या बुडाशी आणि ओठात राहिलेली सूज उतरायला सहा महिन्यांच्या वर लागले. त्यामुळे दुसऱ्या महिन्यात नाक रुंद दिसते म्हणून घाबरू नये आणि तेव्हाच्या फोटोवरून शस्त्रक्रियेला नावेही ठेवू नयेत. खाण्याचे म्हणाल तर पहिले दोन आठवडे वरणाचे पाणी, नाचणीची पेज, ताक, गाळलेले सूप आणि पुढे सहा आठवड्यांपर्यंत गुरगुट्या भात, मुगाची पातळ खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी. तिचे पाच किलो वजन उतरले.

बधिरपणाबद्दल मात्र आम्ही कमी ऐकले होते. डोळ्यांखालून येणारी जी नस गाल, नाकपुडी आणि वरचा ओठ यांना संवेदना देते, ती या शस्त्रक्रियेत ताणली जाते. दोन-अडीच महिने तिला चहा ओठाला लागला तरी तो किती गरम आहे हे कळत नव्हते, मी कपाला बोट लावून बघायची आणि मग तिला द्यायची. शस्त्रक्रियेआधी चमकी काढावी लागली होती. सासूबाईंच्या मते छिद्रात कडुलिंबाची काडी घालून ठेवायला हवी होती, पण डॉक्टरांनी जखम भरेपर्यंत नाकाला काहीही लावायला मनाई केली, आणि छिद्र बुजले. सहा महिन्यांनी परवानगी मिळाल्यावर आम्ही सराफाकडे गेलो. त्याने जुन्या खुणेवरच तार टोचली. मुलगी शांत बसून होती. "झालं का?" तिने विचारले, तेव्हा तार आरपार जाऊन त्याने पीळही घातला होता. तिला काही कळलेच नव्हते. सराफ तिच्या धीराचे कौतुक करत होता आणि मला मात्र दुकानात उभ्याउभ्या कसेतरी झाले. त्या नाकपुडीची संवेदना पूर्ण परतायला अकरा महिने लागले.

वर्षाच्या तपासणीत नाकाची रुंदी साडेतेहेतीस भरली, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त. नाकाचा शेंडा थोडा वर आहे, समोरून बघताना नाकपुड्यांची छिद्रे पूर्वीपेक्षा जराशी जास्त दिसतात. वरचा ओठ भरला आहे, गालांचा सपाटपणा गेला आहे. मला ती माझीच मुलगी दिसते, आणि ही गोष्ट मी सर्वांत वर ठेवते. भाचीच्या लग्नात तिने आजीची जुनी मोत्यांची नथ घातली, आणि ती पूर्वी जिथे टेकायची त्याहून थोडी पुढे, ओठाच्या उंचवट्यावर टेकली होती. रुंद नाक हे व्यंग नाही, हेही इथे लिहिले पाहिजे. कोणाला थोडे रुंद झालेले नाक आवडेल, कोणाचा श्वास त्याने सुधारेलही. पण तो निर्णय ज्याचे नाक आहे त्याने आधी घ्यायला हवा, आणि त्यासाठी त्याला आधी माहिती मिळायला हवी.

तक्रारी तीन आहेत. पहिली संमतिपत्राची. चार पानांचे संमतिपत्र संपूर्ण इंग्रजीत होते आणि त्यात रक्तस्राव, जंतुसंसर्ग, बधिरपणा हे सगळे होते, पण नाकाच्या किंवा ओठाच्या आकारात बदल होईल असा शब्द नव्हता. डॉक्टरांनी तोंडी इतके छान समजावले होते, मग कागदावर ते मराठीत का असू नये? माझ्या सासूबाईंना ते वाचायचे होते. दुसरी तक्रार पूर्वचित्राची. इथेही संगणकावर फक्त बाजूचा चेहरा दाखवला. आपण स्वतःला आरशात समोरून बघतो, लोकही आपल्याला बहुतेक वेळा समोरूनच बघतात, आणि नाकपुड्यांची रुंदी तर समोरूनच दिसते. तीन मितींत चेहऱ्याचे छायाचित्र घेणारी यंत्रे आता आहेत, ती नसली तरी निदान समोरचे बदल कागदावर रेखून दाखवता येतात. तिसरी तक्रार शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्याची. सूज चढली त्या रात्री दिलेल्या क्रमांकावर चार वेळा फोन केला, तो कोणी उचलला नाही. सकाळी विभागात गेल्यावर निवासी डॉक्टरांनी मनापासून तपासले, दिलगिरीही व्यक्त केली, पण ती रात्र आमची फार वाईट गेली.

पैशांबद्दल थोडक्यात लिहिते. रुग्णालयाचा खर्च एक लाख पंचेचाळीस हजार झाला, टायटेनियमच्या चार प्लेट्स आणि स्क्रूचे पैसे त्यात वेगळे लावले होते आणि ते अंदाजपत्रकात नव्हते. विमा कंपनीने ही शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी आहे असे लिहून दावा नाकारला. मुलीला घास तोडता येत नव्हता, हे दातांच्या साच्यांवरून आणि एक्स-रेवरून स्पष्ट दिसत असताना! आम्ही ऑर्थोडॉन्टिस्टचे, म्हणजे तारा लावणाऱ्या दंततज्ज्ञांचे, पत्र जोडून पुन्हा अर्ज केला आहे. ज्यांना खाजगी खर्च झेपत नाही त्यांनी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत अवश्य चौकशी करावी, तिथे जबड्याच्या शस्त्रक्रियांचे विभाग आहेत.

जे सर्जन निवडाल त्यांना मी सुचवेन ते प्रश्न असे : माझ्या नाकपुड्यांची आजची रुंदी किती आहे आणि ती तुम्ही माझ्या कागदावर लिहिणार का, सिंच टाका घालणार का आणि तो कशाला बांधणार, टाका घालताना श्वासाची नळी कुठे असेल, ओठ कसा शिवणार, आणि नाकाच्या बुडाचा हाडाचा काटा किंवा कड घासून कमी करणार का. ज्यांना या प्रश्नांचा राग येतो, त्यांच्याकडे मी माझ्या मुलीला नेणार नाही.

मी या सेवेला पाचांपैकी चार गुण देते. सर्जनच्या हाताला आणि त्यांच्या कॅलिपरला पूर्ण गुण, एक गुण कापला तो इंग्रजी संमतिपत्रासाठी आणि न उचललेल्या फोनसाठी. दुसऱ्या वर्षाची तपासणी दहा महिन्यांनी आहे. त्या दिवशी नाकाचे आणि ओठाचे माप पुन्हा घेणार आहेत, ते आकडे आणि विम्याच्या अर्जाचे काय झाले ते मी इथेच खाली लिहीन.